डावा खांदा

नारायण पेठ, पुणे
१२ जानेवारी २०२५

केदार,

'चि.' आणि 'अनेक आशीर्वाद' लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. चालवून घे. फोन केला असता, पण तुझा नंबर मी काढून टाकला आहे आणि पाठ असला तरी फिरवणार नाही. पोस्ट खातं अजून चालू आहे. नारायण पेठेतून वाघोलीला पत्र जायला किती दिवस लागतात ते या निमित्ताने कळेल.

कामाचं लिहितो. तुझ्या मावशीला ती जागा बघायची आहे. आमोद जिथे गेला ती. गेलं वर्षभर ती हे एकच म्हणते आहे. मी टाळत होतो, पण दिवाळीनंतर तिच्या डोळ्यांची तपासणी झाली. काचबिंदू बराच पुढे गेला आहे. थेंब घालून जे आहे ते टिकवायचं, गेलेलं परत येणार नाही, आणि राहिलेलं किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर ती मला म्हणाली, 'दिसतंय तोवर न्या.' आता टाळता येत नाही.

मी दोन प्रवासी कंपन्यांत जाऊन आलो. नामिबियाला नेतात. वाळूच्या टेकड्या दाखवतात, शहामृग दाखवतात, सूर्यास्ताला बिस्किटं देतात. रस्त्यात एके ठिकाणी थोडं थांबाल का, असं विचारलं, तर काउंटरवरच्या मुलीने मला विचारलं, तिथे व्ह्यू पॉइंट आहे का? म्हटलं, नाही, तिथे माझा मुलगा गेला. तिने सॉरी म्हणून मला पलीकडच्या टेबलावर पाठवलं. पलीकडच्या टेबलावर कोणी नव्हतं.

तेव्हा आमोदने केलं तेच करावं लागणार. विंडहुकला उतरून गाडी भाड्याने घ्यायची आणि स्वतः चालवत जायचं. अवनी अमेरिकेतून सगळी बुकिंगं करून द्यायला तयार आहे. भावाची जागा तिलाही बघायची आहे, पण तिला रजा नाही. पोलिसांच्या कागदावर फक्त रस्त्याचा नंबर आहे. रस्ता पुणे ते सोलापूर एवढा लांब, त्यात एक वळण कसं ओळखायचं? ती जागा माहीत असलेला जिवंत माणूस एकच आहे.

मी आयुष्यभर स्कूटर चालवली. मोटारीचं लायसन्स आहे, पण नारायण पेठेत मोटार उभी करायला जागा मिळेपर्यंत माणूस म्हातारा होतो, तसा मी झालो. तेव्हा गाडी तू चालवायची. तिकडे स्टीअरिंग डावीकडे, रस्त्याची बाजू उलटी, सगळंच उलटं. अवनीकडे न्यू जर्सीला होतो तेव्हा मी रोज चुकून ड्रायव्हरच्या दारापाशी जाऊन उभा राहायचो. तुला ते निदान येतं. अर्ध्या रस्त्यापर्यंत तरी आलं होतं.

हे शेवटचं वाक्य खोडणार होतो, पण राहू दे. लोक भेटले की विचारतात, अहो, मोकळ्या रस्त्यावर गाडी उलटलीच कशी? मी सांगतो, परदेशातलं उलटं स्टीअरिंग, पोराला सवय नव्हती. तुझी बाजू घेतो आहे असं समजू नकोस. समोरच्याने गप्प बसावं एवढाच हेतू असतो.

जून महिन्यात जायचं. तिकडे तेव्हा थंडी असते. होय की नाही ते कळव. तुझी आई मध्ये पडणार असेल तर तिला सांग, शैला, तुझी बहीण अजून तुझं नाव काढलं की उठून आत जाते.

दीनानाथ लिमये


नारायण पेठ, पुणे
९ फेब्रुवारी २०२५

केदार,

उत्तर नाही. पत्र पोचलं आहे, कारण तुझी आई मंडईत अवनीच्या शाळेतल्या बाईंना भेटली आणि रडली, असं त्या बाईंनीच आम्हाला सांगितलं. पुण्यात पत्राला उत्तर येत नाही, पण बातमी येते.

मी तयारी सुरू केली आहे. आमोदचा कॉम्प्युटर उघडला. त्याने नामिबियाचा नकाशा इतका मोठा करून बघितला होता की एकेका पेट्रोल पंपाचा फोटोसुद्धा साठवून ठेवला आहे. तिथले बहुतेक रस्ते खडीचे. दोन जादा चाकं घ्यायची. टायरमधली हवा कमी ठेवायची, म्हणजे खडीवर पकड राहते. पेट्रोल दिसेल तिथे भरायचं, अर्धी टाकी आहे म्हणून पुढे जायचं नाही. सूर्य मावळल्यावर गाडी चालवायची नाही, रानटी जनावरं आडवी येतात. आणि खडीवर जोरात ब्रेक मारायचा नाही, स्टीअरिंग झटक्यात फिरवायचं नाही. हे तुला नव्याने सांगायला नको.

किती वर्षं त्याचं हे चाललं होतं. कॉलेजात फिटचा पहिला झटका आला, नदीपात्रातल्या रस्त्यावर स्कूटरसकट पडला, तेव्हापासून डॉक्टरांनी गाडी बंद केली. मग त्याने नकाशे जमवायला सुरुवात केली. लग्नाच्या मुली बघायच्या बंद झाल्या तेव्हा नकाशे आणखी वाढले. हातात स्टीअरिंग कधी येणार नाही आणि डोक्यात सगळे रस्ते पाठ. शेवटी तूच म्हणालास, चल, मी चालवतो, तू रस्ता सांग.

जायच्या आदल्या संध्याकाळी तू आमच्याकडे होतास. मावशीने आमोदला समोर बसवलं आणि त्याचा हात स्वतःच्या गळ्याला लावून घेतला. म्हण, आईच्या गळ्याशपथ, स्टीअरिंगला हात लावणार नाही. तो हसला. चौतिसाव्या वर्षी गळ्याला हात लावून शपथ घ्यायला कोणालाही हसू येईल. पण तिने हात सोडला नाही तेव्हा म्हणाला. मी पेपर वाचत होतो, मलाही जरा अतीच वाटलं. तू चिवड्याची बशी घेऊन उभा होतास. तू म्हणालास, 'मावशी, मी आहे ना.'

ते तीन शब्द तिने कसे परत केले ते तुला आठवत असेल. मला रोज आठवतात. आमोदची पेटी घरी आली, आम्ही त्याला नवे कपडे घातले. शर्ट चढवताना तिला आणि मला दोघांनाही दिसलं, उजव्या खांद्यावरून छातीवर तिरका काळा पट्टा उतरला होता. सीटबेल्टचा. पट्ट्याने त्याला नीट धरून ठेवलं होतं, फक्त वाचवलं नाही. मग तू आलास. डावं गळ्याचं हाड मोडलेलं, डावा हात झोळीत. वैकुंठ स्मशानभूमीकडे निघताना तू उजवा खांदा पुढे केलास, आणि ती सगळ्यांसमोर म्हणाली, 'तू आहेस ना? तू राहा. माझ्या मुलाला तुझा खांदा नको.'

तू मागे सरकलास. एक शब्द बोलला नाहीस. मला त्या वेळी वाटलं, निदान पाया तरी पडावं, रडावं, काहीतरी म्हणावं. तुझ्या त्या गप्प राहण्याचा मला तिच्या बोलण्यापेक्षा जास्त राग आला. अजून आहे.

उत्तर दे. तुला शिक्षा करायला नेत नाही. बाईचे डोळे जाताहेत.

दीनानाथ लिमये


नारायण पेठ, पुणे
२ मार्च २०२५

केदार,

कार्ड मिळालं. हल्ली पोस्टकार्ड मिळतं कुठे ते एकदा मलाही सांग. 'मी येईन. जागा दाखवेन. गाडी चालवणार नाही. तिथे मला काही विचारू नका.' एवढंच. तारसुद्धा यापेक्षा मोठी असायची.

गाडी चालवणार नाही म्हणे. तेव्हापासून तू चाकाला हात लावलेला नाहीस, कंपनीच्या बसने जातोस, असं तुझ्या आईने अवनीला फोनवर सांगितलं. ठीक आहे. मग मी चालवतो. हसू नकोस. स्वारगेटला मच्छिंद्र म्हणून एक जण ड्रायव्हिंग स्कूल चालवतो, त्याच्याकडे नाव घातलं. माझं लायसन्स बघून तो म्हणाला, काका, हे तर म्युझियममध्ये ठेवा. मग मी त्याला नामिबियाचं सांगितलं. त्याला वाटलं मी नांदेड म्हणालो.

पण माणूस हुशार आहे. डांबरी रस्त्यावर मला दोन आठवडे फिरवलं आणि मग स्वतःच म्हणाला, 'काका, तुमाला खडीच पायजे ना? मग वाघोलीच्या खाणीकडं चला, तिथं खडीशिवाय काय न्हाई.' त्यामुळे आता मंगळवारी आणि शुक्रवारी मी तुझ्या वाघोलीत असतो. तुझ्या इमारतीवरून जातो. खाणीचा रस्ता पांढऱ्या धुळीचा, दोन्ही बाजूंना काही नाही, वरून डंपर येतात. डोळे बारीक करून बघितलं तर आमोदच्या फोटोतल्यासारखाच दिसतो. पहिल्या दिवशी मागचं चाक घसरलं. गाडी आपल्या हातात असते आणि नसतेही. त्या क्षणी मला तुझी दया आली, हे कबूल करतो. शुक्रवारपर्यंत टिकली.

शुक्रवारी अवनीने गाडीच्या कंपनीची माहिती पाठवली, त्यामुळे ती दया संपली. मी तिला म्हटलं होतं, डावीकडच्या स्टीअरिंगची सवय इथे कशी करू ते विचार. ती म्हणाली, बाबा, कशाला? तिथे आपल्यासारखंच आहे. स्टीअरिंग उजवीकडे, गाड्या डावीकडून. ते इंग्रजांच्या वळणाचं आहे, अमेरिकेच्या नाही.

आमच्या घरात परदेश म्हणजे अमेरिका. आमच्या सोसायटीत सगळ्यांच्याच घरात. उलटं असणारच असं आम्ही धरून चाललो. नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी, भेटायला आलेल्या सगळ्यांनी मान डोलावली, हो, उलटं असतं ना तिकडे, गडबड होतेच. एकानेही नकाशा उघडून बघितला नाही. मीही नाही.

आणि तू कधी सांगितलं नाहीस. अडीच वर्षं लोक तुझ्यासाठी ही सबब देत होते आणि तू ती घेत राहिलास. आता सांग. सवयीची बाजू, इथल्यासारखीच गाडी, दिवसाउजेडी, समोर एक वाहन नाही. मग उलटलीच कशी? तिथे विचारू नका म्हणालास, म्हणून इथेच विचारतो.

दीनानाथ लिमये


नारायण पेठ, पुणे
२८ मार्च २०२५

केदार,

उत्तराची अपेक्षा सोडली आहे, हे पत्र फक्त माहितीसाठी. तिकिटं काढली. अदिस अबाबात विमान बदलायचं आहे. तुझं तिकीट अवनीने तुला पाठवलंच असेल. आपल्याला तीन सीट एकाच रांगेत मिळाल्या आहेत. खिडकी तुझ्या मावशीला.

परवा पाडवा. आम्ही गुढी उभारत नाही, आमोद गेल्यापासून नाही. पण मच्छिंद्र म्हणाला की मुहूर्त आहे, मावशींना घेऊन या, बाईंना तुमच्या गाडीची सवय नको का व्हायला? तिला विचारलं. चक्क हो म्हणाली. त्या रस्त्यावर गाडी कशी हलते ते तिला आधी बघायचं आहे.

इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा कशाला तरी हो म्हणाली. हे तुला का लिहिलं ते मला माहीत नाही.

दीनानाथ लिमये


नारायण पेठ, पुणे
११ एप्रिल २०२५

चि. केदार यास,
अनेक आशीर्वाद.

पाडव्याला आम्ही वाघोलीला आलो होतो. खाणीला सुट्टी होती, त्यामुळे डंपर नव्हते. मच्छिंद्र एरवीसारखा माझ्या शेजारी बसला होता, तुझी मावशी मागे. रस्त्याच्या तोंडाशी चहाची टपरी आहे, तिथे तो उतरला आणि म्हणाला, 'मावशींना पुढं बसवा आता. तिथं त्याच बसणार हायेत न्हवं?' तिला पुढे बसवलं. तिला पट्टा लावता येईना, नीट दिसत नाही आणि सवयही नाही, म्हणून मी वाकून तिच्या खिडकीकडचा पट्टा ओढला आणि खटकन लावून दिला.

मी मोठ्या ऐटीत निघालो. जरा अंतर गेल्यावर तिने विचारलं, तिथेही मी अशीच बसणार का, याच बाजूला. म्हटलं, हो, तुला सांगितलं नाही का, तिथे अगदी आपल्यासारखं आहे, ड्रायव्हर उजवीकडे, शेजारचा डावीकडे. तिचा हात पट्ट्यावर होता. पट्टा डाव्या खांद्यावरून खाली येत होता, आणि ती त्यावरून हात फिरवत होती, वर-खाली, कापड तपासावं तसा. मग म्हणाली, गाडी थांबवा.

मला वाटलं, मळमळतं आहे. थांबवली.

'केदारचा डावा हात झोळीत होता,' ती म्हणाली.

मी म्हटलं, हो.

'आणि आमोदचा वळ उजव्या खांद्यावरून होता.'

माझ्या तरीही लक्षात आलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं, आणि मग मी माझ्या पट्ट्याकडे बघितलं. तो माझ्या उजव्या खांद्यावरून येत होता. मी ड्रायव्हरच्या जागेवर होतो.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात माझी सगळी नोकरी तपासणी खात्यात गेली. दुसऱ्याच्या कामातली चूक शोधायचा मला पगार होता. तिथे एवढी ढळढळीत गोष्ट माझ्या नजरेतून सुटली असती तर माणसं मेली असती. इथे एक जिवंत माणूस अडीच वर्षं सुटला. मुलाच्या अंगावरचा वळ मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, तुझं मोडलेलं हाड पाहिलं, आणि परदेशात उलटं असतं एवढ्यावर मी दोन्ही नीट जागच्या जागी बसवून टाकलं. उलट्या गाडीत सगळं बरोबर बसत होतं. ड्रायव्हर डावीकडे म्हणजे तू, आमोद उजवीकडे. फक्त गाडी उलटी नव्हती.

गाडी तू चालवत नव्हतास. आमोद चालवत होता.

हे मी लिहून टाकलं आहे, म्हणजे तुला आता नाकारायला नको. त्याने आईच्या गळ्याची शपथ मोडली, हे तिला कधी कळू नये म्हणून तू तिकडच्या पोलिसांना मी चालवत होतो असं लिहून दिलंस. मग इथे येऊन तेच सांगितलंस. तिने तुझा खांदा नाकारला तेव्हा मागे सरकलास. उत्कर्षाच्या घरच्यांनी तिचं तुझ्याशी ठरलेलं लग्न मोडलं तेव्हाही गप्प राहिलास. मी लिहिलेली पत्रं वाचलीस आणि एक कार्ड टाकलंस. ती पत्रं परत मागवायची सोय पोस्टात नाही. 'अर्ध्या रस्त्यापर्यंत' हे मी खोडणार होतो आणि खोडलं नाही, ते आता मला झोपू देत नाही.

पण खोटं तुझ्याशी बोलणार नाही. तुझ्यावरचा राग गेलेला नाही, त्याने फक्त जागा बदलली. तू त्याच्या हातात स्टीअरिंग दिलंस कशाला? त्याने हट्ट केला असेल. मोकळा रस्ता, कोण बघतंय, एकदाच दे, असं म्हणाला असेल, आणि तुला नाही म्हणवलं नसेल. मलाही नसतं म्हणवलं. नकाशे बघत बसलेला तो मला रोज दिसायचा आणि कधी कधी वाटायचं की एकदा रविवारी याला पर्वतीमागे नेऊन स्कूटर द्यावी. मी दिली नाही, तू दिलीस. कोणाचं बरोबर ते मी ठरवू शकत नाही. त्याला झटका आला, की नुसतं चाक घसरलं, हे मला विचारायचं होतं. आता विचारत नाही. काहीही असलं तरी तू शेजारी होतास, आणि त्यानंतर कोणीतरी येईपर्यंत त्या रस्त्यावर तू त्याच्याजवळ एकटा बसून होतास, मोडलेलं हाड घेऊन. ते मी कधी मनातही आणलं नव्हतं.

आता मावशीचं. खाणीवरून घरी आल्यावर ती बोलायचीच बंद झाली. स्वयंपाक करायची, वाढायची, पण बोलायची नाही. डोळ्यांत थेंब घालायचे बंद केले. मी बाटली घेऊन मागे लागलो तर हात बाजूला करायची. मला वाटलं, तुझ्यावर केलेल्या अन्यायाचं मनाला लागलं. तेही होतं, पण ते नुसतं तेवढंच नव्हतं. परवा भांडी आवरताना एकदम म्हणाली, 'शपथ माझ्या गळ्याची होती. त्याने मोडली. मग जायला मी हवी होते. मी कशी राहिले?'

केदार, मी शपथ-बिपथ मानत नाही, सत्यनारायणाला मागे बसून पेपर वाचणारा माणूस मी. तिला तसं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण त्या वेळी मी मानत होतो. तिने त्याचा हात गळ्याला लावून घेतला होता तो त्याला वाचवायला. आता तिला वाटतं की मोडलेली शपथ तिच्याकडे यायला निघाली होती आणि वाटेत त्याच्यावर पडली. तू खोटं बोललास ते हे तिच्या मनात येऊ नये म्हणून, हे मला आता समजतं. अडीच वर्षं तू ते यशस्वीपणे रोखलंस. आम्हाला मात्र ती जागा बघायची होती, म्हणून आम्ही स्वतःच जाऊन ते उकरून काढलं, आणि तेही तुझ्याच वाघोलीत.

तू म्हणाला होतास, तिथे काही विचारू नका. आता त्याचा अर्थ कळतो. त्या वळणावर उभं राहून मावशीने विचारलं असतं तर तुला तिच्या तोंडावर खोटं बोलावं लागलं असतं, म्हणून प्रश्न नको होते. तरीही तू यायला तयार झालास.

तिकिटं अजून आहेत, गाडीही राखून ठेवलेली आहे. मी तिला विचारलं, जायचं ना? ती म्हणाली, 'मला ती जागा नाही बघायची. त्याने माझी शपथ कुठे मोडली ते बघून काय करू? मला केदारला बघायचंय. दिसतंय तोवर.' नंतर थेंबांची बाटली स्वतःच मागून घेतली. तेव्हा जूनचं काय करायचं ते तू ठरव. जायचं म्हणालास तर मी चालवेन, तू मागच्या सीटवर झोप काढ. नाही म्हणालास तर अवनी सगळं रद्द करेल.

तुझ्या आईला तिने काल स्वतः फोन लावला. दोघी बहिणी काय बोलल्या ते मला माहीत नाही, मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. बऱ्याच वेळाने आत आलो तर रिसीव्हर ठेवलेला होता आणि ती भिंतीकडे बघत बसली होती. माफी हा शब्द आमच्या घरात कोणाच्या तोंडून सहज येत नाही, तुला माहीत आहे. तिच्याही आला नाही. वैकुंठाकडे निघताना बोलले ते मागे घेता येत नाही, एवढंच ती मला म्हणाली.

पत्र लिहितोय हे तिला सांगितलं आणि काही निरोप आहे का विचारलं. आधी नाही म्हणाली. मग मी पाकीट चिकटवायला घेतलं तेव्हा म्हणाली, थांबा. जसं म्हणाली तसंच लिहितो.

'त्याला घरी यायला सांगा. मला एकच विचारायचंय. गाडी हातात आली तेव्हा माझा आमोद कसा दिसत होता, ते सांग म्हणावं. खरं सांगवत नसेल तर खोटं सांग. फक्त माझ्या गळ्याची शपथ घेऊ नकोस म्हणावं.'

रविवारी ये. बेल बंद पडली आहे, कडी वाजव.

काका